बासष्ट किलो गूळ

शनि., ६ सप्टेंबर

मंडळाचा गणपती. इथे जॉर्जियात, अल्फारेटाच्या शाळेचा हॉल, ढोल, भरपूर घाम. निळी पैठणी नेसले. निऱ्या नेहमीपेक्षा जास्त आल्या. ब्लाउजला आतून दोन पिना.

वर्षा सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, कसलं डाएट करतेस? आम्हालाही सांग ना यार." आणखी दोघी-तिघींनी हेच विचारलं. मी म्हटलं, काही नाही, रोज चालते. चालत नाही. उन्हाळ्यापासून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंतसुद्धा चालत गेलेले नाही. पण कौतुक झालं की माणूस खुळावतं.

मोदक दोन घेतले. एक कसाबसा खाल्ला, दुसरा नवऱ्याच्या, श्रीच्या ताटात.

घरी येते तोच कराडहून रवीचा फोन. "ताई, गूळ किती सांगू? आत्ता सांगितलं तर बरं, नवरात्रात बाजारात उभं राहायला जागा नसते." बासष्ट किलो म्हटलं. मागून आईचा आवाज, "एवढीच भरते का ती?" आईला तिची पोरं कायम उपाशी वाटतात.

हा नवस ईशाच्या वेळचा. विलायतेत, लेस्टरच्या हॉस्पिटलात आम्हा मायलेकींचं काही खरं नव्हतं. तेव्हा आई तिकडे कराडला देवीला बोलली, दोघी सुखरूप सुटू देत, लेकीची गूळतुला करीन. ईशा मोठी झाली, दूर बेलव्ह्यू गावी नोकरीला लागली, तरी मला नवरात्रात रजा काही मिळाली नाही. आई ऐंशीच्या पुढे गेली. यंदा अष्टमीला पारड्यात बसायचंच. विसाचं विमान.

रवि., ७ सप्टें.

बॅगा. लेस्टरहून आणलेला बाथरूममधला काटा बाहेर काढला. त्यावर स्टोन आणि पौंड, किलो नाहीतच. श्री दर वर्षी म्हणतो टाकून दे. मी टाकत नाही. बारा वर्षं त्या देशात काढली, माझं वजन माझ्या डोक्यात स्टोनातच बसलंय. नऊ अकरा. नऊ स्टोन अकरा पौंड, म्हणजेच ते बासष्ट किलो. ईशा झाल्यानंतर जे तिथे टेकलं ते हललं नाही. माझा पिनकोडच तो.

बॅग मोजायची आमची पद्धत ठरलेली. बॅग छातीशी धरून काट्यावर उभं राहायचं, आकडा घ्यायचा, त्यातून आपण स्वतः वजा. बारा चार आले. बारा चारातून नऊ अकरा. चारातून अकरा जात नाहीत, हातचा घ्यायचा, आणि तो दहाचा नाही, चौदाचा, कारण चौदा पौंडांचा एक स्टोन. उरले दोन स्टोन सात. म्हणजे पस्तीस पौंड. विमानात पन्नास चालतात. चक्क पंधरा पौंड शिल्लक!

मग काय, भरत सुटले. बदाम, पिस्ते, आईच्या गुडघ्याचं मलम, रवीच्या बायकोला जाड बुडाचा तवा, पोरांना चॉकलेटं, शेवटी फटीफटीत मोजे कोंबले.

संध्याकाळी वर्षा तिचा हुकचा काटा घेऊन आली, बॅग टांगायचा. पासष्ट. "अगं, धोंडे भरलेस का?" मी म्हटलं तुझा काटा बिघडलाय. ती चिडली. श्री म्हणाला थांबा, भांडू नका. तो आधी एकटा उभा राहिला, बारा दोन. मग बॅग घेऊन, सोळा अकरा. वजाबाकी चार नऊ. पासष्टच.

म्हणजे बॅग सकाळीच पन्नासची होती. वर्षाचा काटा बरोबर, आमचाही बरोबर. चुकीचं काय, ते कळायला मला चहा होईपर्यंत वेळ लागला. मी एकदाही एकटी उभी राहिले नव्हते. नऊ अकरा धरूनच चालले होते.

वर्षा गेल्यावर उभी राहिले. आठ दहा.

सोम., ८ सप्टें.

पुन्हा उभी राहिले. अनवाणी, फरशीवर, भिंतीला न टेकता. आठ दहा.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. आकडा पटला नाही तर आधी मशीन तपासायचं. तांदळाची वीस पौंडाची पिशवी काट्यावर ठेवली, न फोडलेली. एक स्टोन सहा. अगदी बरोबर. मग पिशवी हातात घेऊन मी. दहा दोन. तेही बरोबर.

काट्यात बग नाही.

पंधरा पौंड. बॅगेत जागा आहे असं वाटून ज्यात मी बदाम आणि तवा भरला, ती जागा माझ्यातली होती. हे सुचलं तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला.

मंगळ., ९ सप्टें.

श्रीला सांगितलं. आधी म्हणाला, "अरे वा, मस्तच की! मलाही शिकव." मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. थोड्या वेळाने, "तू जेवतेस ना नीट?"

जेवते का? आठवून बघितलं. दोन पोळ्यांची एक झाली कधीतरी. पोट लगेच भरतं. वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. उन्हाळ्यात इथे जेवण कमीच जातं, असंही म्हटलं होतं. स्वतःला पटेल असं कारण माझ्याकडे नेहमी तयार असतं.

कमलआत्या आठवते. बाबांची थोरली बहीण. माझ्या लग्नात सगळ्या बायका तिला म्हणत होत्या, किती छान बारीक झालीस. ती लाजून हसत होती. तिचे ब्लाउज आतून घेतलेले होते. पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण बोलायला जमणार नाही.

गुरु., ११ सप्टें.

डॉक्टरकडे. नर्सने काट्यावर उभं केलं, इथला काटा पौंडातला. एकशे एकवीस आणि वर काहीतरी. जानेवारीत एकशे अडतीस होते, तेव्हा अंगात कोट असेल. नर्स खूश. "गुड फॉर यू!" मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

डॉक्टर तरुण बाई आहे. तिने आकडा बघितला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "वर यू ट्राइंग टू?" मुद्दाम कमी केलंत का? आत्तापर्यंत इतक्यांनी इतकं विचारलं, हा प्रश्न एकीनेही नाही. मी नाही म्हटलं. तिने लिहून घेतलं. पोट दाबून बघितलं, एका जागी जरा जास्त वेळ.

रक्त दिलं. परतताना श्री गाडी चालवत होता, सिग्नल हिरवा झाला तरी थांबून राहिला. मागच्याने हॉर्न मारला.

रवि., १४ सप्टें.

एक चलाखी मला या आठवड्यात सापडली. ईशाला वजन किलोत सांगायचं, तिला किलो कळत नाहीत. आईला पौंडात, तिला पौंड कळत नाहीत आणि आकडा मोठा ऐकून बरं वाटतं. "एकशे बावीस गं आई." "हां, मग ठीक आहे." मंडळातल्या बायकांना स्टोन. आठ दहा ऐकून त्या विषयच बदलतात. तीन देशांची तीन मापं, मी प्रत्येकीपासून दुसऱ्या मापात लपते.

ईशा मात्र माझीच लेक. "मॉम, पौंड्समध्ये सांग ना. फिफ्टी-फाइव्ह किलो म्हणजे व्हॉट?" मी म्हटलं ठीक आहे गं, नॉर्मल आहे. बोलता बोलता तिने फोनवर हिशेब केला. "मॉम. यू वेअर वन थर्टी-सेव्हन. यू ऑल्वेज सेड नाइन-इलेव्हन. दॅट्स फिफ्टीन पौंड्स." "डॅड कुठेय? डॅडला फोन दे."

तिला नऊ अकरा पाठ आहे हे मला माहीत नव्हतं.

मंगळ., १६ सप्टें.

रक्ताचे रिपोर्ट आले. साखर ठीक. थायरॉइड ठीक. श्रीने "ठीक, ठीक" असं मोठ्यांदा वाचलं, प्रत्येक ओळीला त्याचा आवाज चढत गेला. मी मात्र थायरॉइड असू दे म्हणून गेले चार दिवस देवाला विनवत होते. गोळी घेतली की झालं, वर्षा घेतेच की. तेवढं एक साधं कारण होतं, तेही गेलं. थोडं लोह कमी आहे. डॉक्टरला ते आवडलेलं नाही. स्कॅन करा म्हणाली, याच आठवड्यात.

इतक्या लवकर तारीख मिळाली. इथे दात दुखला तरी महिना थांबवतात. श्री म्हणाला बघ, किती छान, लगेच मिळाली. मला त्याचीच धास्ती.

गुरु., १८ सप्टें.

स्कॅन काल झाला. आज डॉक्टरबाईने स्वतः फोन केला, नर्सकडून नाही. जठराच्या भिंतीत एक जागा जाड दिसते. "इट कुड बी मेनी थिंग्ज." मी विचारलं, जसं की? ती म्हणाली आधी आतून बघू, तुकडा काढून तपासू. मंगळवारी.

फोन ठेवला आणि भांडी घासत बसले, मशीनमध्ये न लावता. सगळी. श्री मागे येऊन उभा राहिला. मग त्यानेच पुसायला घेतली.

परवाचं तिकीट बदललं, सव्वीस. तरीही अष्टमी गाठता येते.

शनि., २० सप्टें.

आज विमानात असायचे.

रवीला सांगितलं ऑफिसचं काम निघालं. "ताई, दर वेळी तुझं ऑफिस मधे येतं बघ." बोलू दे. आईला फोन द्यायला लागला तर म्हटलं घाईत आहे. आईशी बोलले की माझा आवाज मला दगा देतो.

दुपारी त्याने फोटो पाठवला. देवघराशेजारी पाट, पाटावर गुळाच्या सहा ढेपा, दहा-दहा किलोच्या, वर एकेक किलोचे दोन खडे. हळदकुंकू लावलेलं. खाली लिहिलंय, "ताई आली!"

फोटो बघून हसू आलं, मग आलं ते हसू नव्हतं. ढेपांकडे बघत बसले. बासष्ट किलोची ती बाई तिथे पाटावर व्यवस्थित बसली आहे. पारड्यात मी बसले की गावासमोर गुळाचं पारडं खाली जाणार. गुरुजी एक ढेप उतरवतील. कुणीतरी म्हणेल, अगं बाई, एवढी कशी वाळली. आणि आई तिथेच खुर्चीवर असेल.

सोम., २२ सप्टें.

घटस्थापना. ईशा काल आली, न सांगता. मेथी आणि वरण केलंन, मीठ जास्त, पण मी सगळं खाल्लं. ती माझ्या घासाघासाकडे बघत होती. मी तिला लहानपणी भरवताना अशीच बघायचे.

सकाळी काट्यावर होते तर दार उघडून आत. "मॉम, गेट ऑफ." उतरले नाही. ती खाली फरशीवर बसली, काट्याजवळ, आकडा दिसेल अशी. आठ सात. मोबाइल काढला नाही, तोंडानेच म्हणाली, "वन नाइन्टीन." मग माझे पाय धरून बसली. तिचं डोकं माझ्या गुडघ्याला. मी म्हटलं, अगं काटा चुकवशील. दोघी हसलो थोडं.

तिने विचारलं, "मॉम, आर यू स्केअर्ड?" मी हो म्हटलं. लेकीपाशी पहिल्यांदाच.

मंगळ., २३ सप्टें.

आतून बघून झालं. घसा दुखतोय.

भुलीच्या आधी पुन्हा वजन. तिथला काटा मोठा, पलंगासारखा. नर्सने आकडा मोठ्याने दुसरीला सांगितला, "फिफ्टी-फोर." मी दचकले. पौंड? ती म्हणाली, नो, नो, किलोज. भुलीचं औषध किलोवर मोजतात.

या देशात इतकी वर्षं काढली, माझं वजन मला कुणी किलोत सांगितलं नव्हतं. पौंडात सांगा, मी मनात फिरवून घेते; स्टोनात सांगा, आणखी एकदा फिरवते. फिरवता फिरवता धार जाते. चोपन्नला फिरवायला जागाच नव्हती. चोपन्न किलो मी, बासष्ट किलो गूळ, एकाच मापात. पहिल्यांदा सरळ कळलं की आठ किलोची मी कुठेतरी गेले आहे. पडल्या पडल्या ढेपा मोजत होते. पाच आणि वर थोडी. मग झोप लागली.

जागी झाले तेव्हा डॉक्टर श्रीशी बोलत होता. वेगळा, पोटाचा. तुकडे काढलेत. जखम आहे. दिसण्यावरून काही सांगत नाही म्हणाला. श्रीने तीनदा विचारलं, त्याने तीनदा तेच सांगितलं. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत, नाहीतर सोमवारी.

बुध., २४ सप्टें.

फोन वाजला. आधी नंबर बघितला. वर्षा होती. तिला हुकचा काटा परत हवाय, तिची भाची जातेय. मग म्हणाली, "तू बरी आहेस ना? मी त्या दिवशी डाएटचं उगाच..." म्हटलं काही नाही गं. तिने पिठलं आणून दिलं. चार घास गेले.

गुरु., २५ सप्टें.

उद्या संध्याकाळचं विमान. रिपोर्ट नाही. श्री म्हणतो उद्या दुपारपर्यंत बघू, नाही आला तरी जा, ईशा आणि मी दोघेही येतो. लगेच म्हणतो, की थांबूया? दर तासाला त्याचं मत बदलतं, माझं त्याच्या उलट बदलतं. गेले आणि फोन तिथे आला तर? पारड्यात बसलेली असताना आला तर? आणि थांबले, अष्टमी हुकली, आणि आईला नंतर कळलं की...

बॅगेतून तवा काढला. बदाम राहू दिले. वर्षाच्या काट्यावर एकोणपन्नास. झालं होतं काम. तरी सवयीने बॅग छातीशी धरून आमच्या काट्यावर उभी राहिले. एकटीने उभं राहायचं धाडस नव्हतं, बॅगेचा आधार वाटला. बारा. बरोबर बारा. मन वजाबाकी करतंच. परवापेक्षा कमी नाही, एवढंच बघितलं आणि उतरले.

आईचा व्हिडिओ कॉल. टाळता आला नाही, श्रीने उचलून माझ्या हातात दिला. मी लांब बाह्यांचा स्वेटर घालून बसले, जॉर्जियात, सप्टेंबरात. आई म्हणाली, "हात वर कर." कशाला? "कर म्हणते ना." केला. पाटल्या घरंगळत कोपराशी गेल्या. माझ्या लग्नातल्या पाटल्या, साबण लावून चढवलेल्या. आईने निरखून बघितलं. मग रवीला बाजूला हो म्हणाली.

सगळं सांगितलं. जखम, तुकडे, शुक्रवार. आणि आकडा. किलोत सांगितला. चोपन्न.

आई रडली नाही. पदराने चष्मा पुसला. रवी मागून म्हणाला, "आई, मग आठ किलो कमी करून आणतो, मार्केटवाला ओळखीचा आहे, परत घेईल. लोकांसमोर ताईला उगाच..." मीही म्हणणार होते, हो रे, बदल.

"एक खडा हलवायचा नाही," आई म्हणाली. "बासष्ट म्हणजे बासष्ट. आपणच कमी गूळ नेला तर देवीला वाटेल, आपण मान्य केलं."

मग मला म्हणाली, "तू ये, नाहीतर थांब, डॉक्टर म्हणेल तसं कर. गूळ मी झाकून ठेवलाय."

फोन ठेवल्यावर वरण-भात घेतला. अर्धी वाटी झाली, आणखी एक डाव वाढून घेतला. ईशा बघत होती. बॅग दारापाशी उभी आहे. काटा श्रीने उचलून कपाटात वर ठेवलाय, माझा हात पोचत नाही तिथे.